बीपीचं मशीन, दीड वर्ष वापरून झाल्यावर

मशीनला चार स्टार. ज्या दुकानातून घेतलं त्याला अडीच. आणि ज्या मोठ्या दवाखान्यात मशीनचे आकडे वहीत लिहून न्यायचो त्याला किती द्यायचे ते वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण कंपनीशी नाही आणि नाव टाकलं की लोक तेवढंच वाचून ऑर्डर करून मोकळे होतात. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबलं की गुर्रर्र करून फुगतं, मग सुटतं आणि तीन आकडे येतात, वरचा, खालचा आणि नाडी, तसलं साधं मशीन. २०२३ च्या दसऱ्याला घेतलं, १९५० रुपये, ॲडॅप्टरचे २५० वेगळे.

आम्ही वडगावचे, बेळगावातल्या. घरातच दोन माग आहेत साडीचे, एक हे चालवतात, एकावर माणूस येतो, सुताच्या कांड्या भरायचं काम माझं. घरात सासू-सासरे (मी त्यांना आत्या आणि मामंजी म्हणते), आम्ही दोघं आणि दोन पोरं. मामंजींना २०२२ च्या पावसाळ्यात लकवा मारला, उजवा हात-पाय गेला आणि बोलणं जवळजवळ गेलं. पाय थोडा परत आला, बोलणं मोजक्या शब्दांचं. आत्यांना बीपी बारा वर्षांचं आणि शुगर सात वर्षांची. म्हणजे एका घरात दोन पेशंट, गोळ्यांचे दोन डबे (आम्ही बिस्किटाचे वापरतो), आणि दर महिन्याला दोघांच्या दोन फाईली घेऊन रिक्षातनं जायचं. मामंजींना घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बीपी घरात बघत जावा, वही ठेवा. मशीन कुठलं, कधी बघायचं, किती आलं की काय करायचं, हे काय सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. वर्षभर गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडं वीस रुपये देऊन बघून घेत होतो.

आता दुकान. दुकानदार म्हणाला मनगटाचं घ्या वहिनी, नवीन आलंय, पट्टा-बिट्टा भानगड नाही. मी घेणारच होते खरं, पण माझ्या जावेची मुलगी नर्सिंगला आहे, तिला फोन लावला तर ती तिकडनं ओरडली, काकू दंडाचंच घे, मनगटाचं नको, आणि दंडाचं माप घेऊन जा. मी म्हटलं ब्लाऊज शिवायचाय काय. पण तिचं खरं निघालं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी. घरी येऊन ब्लाऊजची टेप लावली तर आत्यांचा दंड साडेवीस, मामंजींचा सव्वीस, माझा चौतीस. म्हणजे सहा माणसांच्या घरात ज्या तिघांचं बीपी पुढं बघायला लागलं त्यातल्या एकालाच तो पट्टा बरोबर.

यानं काय बिघडतं असं मलाही वाटलं होतं. तर २०२३ ला अमेरिकेत यावर नीट अभ्यास झालाय, १९५ माणसांना एकाच बैठकीत वेगवेगळ्या मापाचे पट्टे बांधून बघितलं. ज्यांना लहान पट्टा पाहिजे त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी ३.६ नं कमी दाखवला, ज्यांना मोठा पाहिजे त्यांना ४.८ नं जास्त, आणि ज्यांना अगदी मोठा पाहिजे त्यांना तब्बल १९.५ नं जास्त. म्हणजे जाड माणसाला उगाच गोळी चालू होईल आणि हडकुळ्या म्हातारीचं वाढलेलं कळणारच नाही. दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला एवढं कोण बघतंय. लहान पट्टा मागवायला तीन आठवडे लावले, सहाशे घेतले, आणि पहिला आला तो दुसऱ्याच मॉडेलचा, नळीचं टोकच बसेना, तो परत घ्यायला तयार नाही म्हणून हे जाऊन बसले दुकानात अर्धा दिवस. अडीच स्टार पण जास्तच झाले म्हणायचे.

(दंडाच्या मशीनांची ‘स्ट्राईड बीपी’ म्हणून एक यादी आहे, नीट चाचणी घेऊन पास झालेल्या मॉडेलांची. घ्यायच्या आधी मॉडेल नंबर त्यात आहे का बघा. आमचं आहे. नशिबानं.)

माहितीपुस्तक जाड आहे, हिंदी आहे, इंग्रजी आहे, तमिळ आहे, अरबी पण आहे. मराठी नाही आणि कन्नडही नाही. निदान या एका बाबतीत बेळगावात दोघांवर सारखाच अन्याय.

पहिला आठवडा नुसता गोंधळ. मशीन ठेवलं टेबलावर, टेबल सोप्यात, आणि सोप्याच्या पलीकडं माग. माग चालू असला की आमच्या घरात पाण्याच्या तांब्यातलं पाणीसुद्धा हलतंय, मशीनवर नुसता एरर. दोन-तीनदा एरर आला की आत्या म्हणायच्या माझं रक्तच संपलंय बघ आता. माग बंद करून बघायचं म्हटलं तर ह्यांचा चेहरा, सावकाराचा माल द्यायचाय म्हणून. शेवटी सकाळी माग चालू व्हायच्या आधी, साडेसहाला, माजघरात बघायचं ठरलं. आणि ते वेळेच्या हिशोबानं पण बरोबरच आहे, सकाळचं बीपी गोळी आणि चहाच्या आधीच बघायचं असतं.

नीट कसं बघायचं ते लिहिते, कारण दुकानदार सांगत नाही. आधी लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून खुर्चीवर बसायचं, पलंगाच्या कडेला नाही. पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी ३.९ नं आणि नुसता खाली लोंबत ठेवला तर ६.५ नं वाढीव दिसतो, हे २०२४ च्या अभ्यासात आलंय, आणि मला आठवतं त्या मेडिकलवाल्याकडं वर्षभर आत्या उभ्या-उभ्याच हात लोंबवून बघून घेत होत्या. दोनदा बघायचं, मध्ये एक मिनिट सोडून. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि राहिलेल्यांची सरासरी काढायची. घरातल्या बीपीची हद्द १३५/८५ धरतात, दवाखान्यातल्यासारखी १४०/९० नाही. हा एवढा पाच आकड्यांचा फरक आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

आता ‘पाच मिनिटं गप्प’ हे आत्यांना सांगून बघा तुम्ही. पट्टा फुगत असताना त्यांना नेमकं आठवतं की कालच्या दुधात पाणी होतं. सगळ्यात जास्त त्रास मला या गप्प बसवण्याचाच झाला.

मामंजींचं मात्र वेगळं झालं, आणि या मशीनला चौथा स्टार आहे तो त्याचाच. लकवा उजव्या बाजूला म्हणून पट्टा डाव्या दंडाला. पहिल्यांदा फुगायला लागला तर घाबरले, हात ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी मी मशीन त्यांच्याकडं तोंड करून ठेवलं, आकडे वर चढताना दिसतात ना त्यात, ते बघत बसले. आणि शेवटी थांबला तेव्हा बोट लावून म्हणाले, “एकशे…” मग बराच वेळ गेला. “…अडतीस.” वर्षभरात ‘पाणी’, ‘नको’ आणि माझ्या धाकट्याचं नाव सोडून त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द. तेव्हापासून आकडा तेच वाचतात. कधी कधी एकशे अडतीसचं एकशे त्र्याऐंशी होतं, मग मी आणि आत्या दोघी एकदम स्क्रीनकडं वाकतो. आत्यांनी एकदा सांगितलं मला, चुलीपाशी, की हे मशीन आणल्यापासनं घरात सकाळी माणूस बोलालंय बघ.

मामंजींवरून एक सांगायचं राहतंय. लकव्यानंतर आम्हाला व्यायामाचा कागद दिला होता, दिवसातून तीनदा घरच्यांनी करून घ्या म्हणून. हे मागावर, पोरं शाळेला, आत्यांचे गुडघे गेलेले, म्हणजे ‘घरच्यांनी’ म्हणजे मी. दोनदा व्हायचं, कधी एकदाच. आणि रात्री पडल्यावर तेच डोक्यात, की माझ्या आळसामुळं हात परत येत नाही. आलेले पाहुणे पण तसंच बोलायचे, करून घेत जा गं नीट. तर भारतातच यावर मोठा अभ्यास झालाय, ‘अटेंड’ नावाचा, १४ दवाखाने, १२५० पेशंट, २०१७ ला छापून आला. अर्ध्या लोकांच्या घरच्यांना व्यायाम करून घ्यायचं खास शिकवलं, अर्ध्यांना नेहमीसारखंच. सहा महिन्यांनी दोन्हीकडं सारखंच, ४७ टक्के माणसं एक तर वारलेली, नाहीतर दुसऱ्यावर अवलंबून. काही फरक नाही. याचा अर्थ व्यायाम सोडा असा नाही, आम्ही अजून करतो, आणि फिजिओथेरपीवाला महिन्यातून एकदा येतो त्यानं फरक पडतोच. पण घरच्यांना शिकवून पाठवलं की दवाखान्याचं काम घरात फुकटात होतं असं जे सगळे धरून चालतात ते तसं नाही. मला हे पुतणीनं वाचून दाखवलं तेव्हा मी काय बोलले नाही. कांड्या भरत होते, भरतच राहिले, पण त्या रात्री झोप लागली.

आता वही. ह्यांच्या मजुरीच्या हिशोबाची जुनी लांब वही होती, तीच उलटी करून मागच्या बाजूनं बीपी लिहायला घेतलं. डावीकडं आत्या, उजवीकडं मामंजी. पुढच्या बाजूला साड्या, मागच्या बाजूला बीपी. चार महिने एक दिवस चुकवला नाही (दिवाळीचे दोन दिवस सोडून, तेव्हा कुणाला शुद्ध असते). ती वही घेऊन गेलो आम्ही मोठ्या दवाखान्यात, नाव लिहीत नाही, आत्यांच्या बीपीसाठी. अडीच तास बसलो. नंबर आला तेव्हा लिफ्ट बंद, आत्या जिना चढून आल्या, धापा टाकत खुर्चीवर बसल्या आणि बसल्या-बसल्या पट्टा बांधला. १६८. मी म्हटलं डॉक्टर, घरात एवढं नसतं, वही आणलीय. ते म्हणाले घरची मशीनं काय खरी नसतात, आणि एक गोळी वाढवली. वही टेबलावर होती, माझ्या हाताखाली, त्यांनी ती उघडली नाही. दीड मिनिट लागलं असेल सगळ्याला मिळून. मोजून नाही, पण पट्टा फुगून सुटायला लागतो तेवढाच वेळ.

आठव्या दिवशी आत्या सकाळी उठून न्हाणीत जाताना चक्कर येऊन भिंतीला टेकल्या, खाली पडल्या नाहीत हे नशीब. मशीन लावलं तर १०४/६०. दुसऱ्यांदा बघितलं, तेवढंच. मग मी त्यांना घेऊन गेले आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात. खरं सांगते, तिकडं आम्ही आधी फक्त पोरांच्या लसीला गेलेलो. तिथली सिस्टर कन्नड, आत्यांना बघितल्या-बघितल्या “कुंद्री अज्जी” म्हणून बसवलं, पाणी दिलं, आणि आत्यांनी तोंड उघडलं तशी बोट वर करून “माताडब्याड्री,” म्हणजे बोलू नका. आत्या गप्प! मी चार महिने जे करू शकले नाही ते तिनं एका शब्दात केलं. मग तिनं स्वतः माझ्या हातातली वही मागून घेतली. सगळं पान बघितलं. मोडक्या मराठीत विचारत होती, हे गोळीच्या आधी की नंतर, हा लाल गोल कशाला केलाय. मोबाईलवर बेरीज करून सरासरी काढली, नवीन गोळीच्या आधीच्या शेवटच्या आठवड्याची, १३३/८०. मग वही घेऊन स्वतः आत डॉक्टरकडं गेली. डॉक्टरांनी पण बघितली, उभं राहिल्यावरचं बीपी घेतलं, वाढवलेली गोळी काढली, आणि दोन आठवड्यांनी वही घेऊन परत या म्हणून सांगितलं. (गोळी आपल्या मनानं काढू-बिढू नका कुणी, मी पण काढली नव्हती, दवाखान्यातच नेलं होतं.)

माझं म्हणणं एवढंच आहे या सगळ्या रिव्ह्यूमध्ये. हे मशीन एकट्यानं काय करत नाही. आणि हे नुसतं माझं मत नाही. २०१७ ला २५ अभ्यास एकत्र करून बघितलेत, घरात बीपी बघणाऱ्या लोकांचे. ज्यांच्याकडं नुसतं मशीन होतं त्यांचा वरचा आकडा वर्षानं जेमतेम एकानं कमी, म्हणजे काहीच नाही म्हटलं तरी चालेल. आणि ज्यांच्या आकड्यांवर दवाखान्यातलं कुणीतरी नीट लक्ष ठेवून होतं, फोन करत होतं, गोळी बदलत होतं, त्यांचा सहानं कमी. मशीन तेच. इंग्लंडमध्ये २०१८ ला छापून आलेला दुसरा एक आहे, साध्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांच्या १४२ दवाखान्यांतला, ११८२ पेशंट. तिथं डॉक्टरांना सांगितलं गोळी ठरवताना पेशंटनं घरात बघितलेले आकडे धरा. वर्षानं त्यांचं वरचं बीपी १३७, आणि ज्यांची गोळी नेहमीसारखी दवाखान्यातल्या आकड्यावर ठरली त्यांचं १४०. तीन-साडेतीनाचा फरक म्हणजे थोडा वाटतो, पण तो लाखो माणसांत धरला तर किती लकवे कमी. त्या डॉक्टरांनी एवढंच केलं की वही उघडली.

आपल्याकडच्या शेजारी देशांतला पण एक आहे, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, ३० खेड्यांतला, २०२० चा. तिथं आपल्या आशांसारख्या बायका घरी जाऊन बीपी बघायच्या, समजावून सांगायच्या, वाढलेलं असलं की दवाखान्यात पाठवायच्या. तिथं पाचाचा फरक पडला नेहमीच्या उपचारांपेक्षा. मोठी मशीनरी नाही, मोठा दवाखाना नाही, ओळखीची बाई दारात येते एवढंच. आपल्या कर्नाटकात पण २०२४ ला कोलारपासनं गृह आरोग्य चालू केलं, घरी येऊन ३० वर्षांवरच्यांचं बीपी-शुगर बघायचं. आमच्या आशाताई येतात, चांगल्या आहेत, पण त्यांच्या पिशवीत किती कामं कोंबलीत ते बघितलं की त्यांनाच बसवून चहा द्यावा वाटतं.

आणि हो, कुणीतरी म्हणेलच की महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना दिलीय २०२३ ला, तुम्हाला काय कमी. ती ॲडमिट झाल्यावरची, ऑपरेशनची. रोज सकाळी एक गोळी घेणाऱ्या म्हातारीला त्याचा उपयोग ती पडल्यावरच. दोन्हीकडची सरकारं आमच्यावरून भांडतात, आमची वही मात्र त्या एका सिस्टरनं बघितली.

आता मशीनच्या बारक्या गोष्टी पटापट. सेल चार लागतात, रोज दोघांचं बघितलं तर दोन महिने टिकतात, सेल उतरले की पट्टा अर्धवट फुगून सुटतो. लाईट जाते म्हणून सेल घालूनच ठेवा, ॲडॅप्टरवर विसंबू नका. नळी पट्ट्याजवळ दुमडते, तिथंच पुढं चीर पडणार, गुंडाळून ठेवू नका, आम्ही कांडीच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर सैल गुंडाळतो. आवाज येणारं मॉडेल घेऊ नका, हिंदीत बोलतं आणि आत्यांना वाटतं बाहेर कोण आलंय. वर्षातून एकदा दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघा. आणि मेमरी दोन माणसांची आहे, ‘ए’ आणि ‘बी’. याच्यावर शेवटी येते.

२०२४ च्या श्रावणात पुतणी आली चार दिवस. तिच्या कॉलेजात प्रोजेक्ट होता, घरात आजारी माणसाचं करणाऱ्यांवर. २२ प्रश्नांचा फॉर्म. प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत शून्य ते चार मार्क. झॅरिट म्हणून कुणी अमेरिकेतले आहेत, १९८० पासनं असे प्रश्न विचारले जातायत, आणि मला पहिल्यांदा २०२४ ला. मी म्हटलं विचार, पोळ्या लाटता लाटता सांगते. आत्या समोरच शेंगा फोडत बसलेल्या. तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळत नाही असं वाटतं का. मी म्हटलं, कधीच नाही. त्यांच्यामुळं तुमची तब्येत बिघडली असं वाटतं का. कधीच नाही. तुम्हाला राग येतो का. छे. पुतणी लिहीत होती, शून्य, शून्य, शून्य. आठव्या-नवव्या प्रश्नाला आत्या उठल्या, शेंगांचं सूप उचललं आणि जाताना म्हणाल्या, “मी बाहेर बसते गं, तू खरं सांग तिला. फुकट मार्क घालवू नकोस.” पहिल्यापासनं परत घेतलं. ४३ आले, ८८ पैकी. एकेचाळीसच्या पुढं म्हणजे मध्यम ते जास्त ओझं म्हणतात. मी पुतणीला म्हटलं बारावीला मला याच्याहून कमी पडले होते गणितात.

मग ती बाहेर जाऊन आत्यांना पण विचारून आली, मला वाटलं गंमत म्हणून. पण आत्यांचं माझ्यापेक्षा जास्त आलं. मी कधी तसा विचारच केला नव्हता, मामंजींचं सगळं मी करते असंच माझ्या डोक्यात होतं. पण रात्री दोनदा उठून त्यांना लघवीला कोण बसवतं? आत्या. स्वतः शुगरच्या, स्वतः गोळ्या खाणाऱ्या, अडुसष्ट वर्षांच्या. फाईलवर त्या पेशंट म्हणून आहेत, दुसऱ्याचं करणारी म्हणून कुठंच नाहीत. पुतणी सांगत होती, १९९९ चा एक अमेरिकेतला अभ्यास आहे, म्हातारे नवरा-बायको, एक दुसऱ्याचं करणारा. ज्यांना ते करताना ताण होत होता ती माणसं चार वर्षांत मरायचं प्रमाण, ज्यांना असं कुणाचं करायला लागत नव्हतं त्यांच्यापेक्षा ६३ टक्के जास्त. ही बाहेर ओट्यावर बसून शेंगा फोडणारी म्हातारी त्यात येते, मी नाही. त्या दिवसापासनं रात्रीची एक पाळी ह्यांच्याकडं दिलीय. कुरकुर करतात. करू देत.

आणि जाताना पुतणीनं पट्टा माझ्या दंडाला बांधला, थांब काकू, तुझं पण बघू. मी म्हटलं मला काय झालंय, मी बेचाळीसची आहे. १५४/९६. मी म्हटलं पट्टा लहान पडतोय मला, माझा दंड चौतीस, चार-पाच जास्त दाखवतंय, मीच वाचलंय ते. बरं, पाच वजा कर, ती म्हणाली. १४९. परत बघितलं, १५१. मी म्हटलं आत्ता पोळ्या केल्यात, उभी होते. मग तिनं तेच करायला लावलं जे मी वर एवढं शहाणपणानं लिहिलंय, सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाठ टेकून, गप्प. पाच मिनिटं गप्प बसणं काय असतं ते तेव्हा मला कळलं. साडेसहाला नळाला पाणी आलेलं असतं, दूधवाला, डबे, मामंजींची अंघोळ, आणि मी खुर्चीवर पाय टेकवून भिंतीकडं बघत बसलेली, पाच मिनिटं म्हणजे केवढी! डाव्या दंडाला पट्टा आणि उजव्या हातानं मी चहाचा गॅस कमी करायला वाकले आणि एरर. आत्या दारातनं बघत होत्या. काय म्हणाल्या असतील?

“माताडब्याड्री.”

मी तर बोललेच नव्हते, पण त्यांना तेवढंच कन्नड नीट येतं. सात दिवसांची सरासरी १४६/९२. दुकानदाराकडनं मोठा पट्टा मागवला, आणखी सातशे, यावेळी मॉडेल नंबर कागदावर लिहून दिला. मोठ्या पट्ट्यावर १४२/९०. मोठ्या दवाखान्यात नाही गेले, सरळ सिस्टरकडं गेले वही घेऊन. तिनं वहीची पानं उलटली, आत्या डावीकडं, मामंजी उजवीकडं, आणि विचारलं, “नीवु एल्ली?” म्हणजे तुम्ही कुठं आहात यात. मी शेवटचं पान दाखवलं. मशीनमध्ये ‘ए’ला आत्या, ‘बी’ला मामंजी, तिसऱ्याला मेमरीच नाही, म्हणून माझं मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेलं, पेन्सिलनं, धोब्याच्या हिशोबाखाली. एक गोळी चालू झालीय अर्धा ग्रॅमपण नसलेली, मीठ कमी करायला सांगितलंय आणि ताकातल्या मिरच्या बंद. मिरच्यांचं अजून जमलेलं नाही.

घ्यायचं असेल तर तीन माणसांची मेमरी असलेलं बघा, मिळतं का. नाहीतर वही घ्या, शंभर पानी, आणि पट्टा ज्याचा त्याच्या मापाचा.